अपस्मारात आवाज सोसवत नाही तेव्हा

"आवाज झाला की हिला फिट येते" आणि "फिट यायला लागल्यापासून हिला आवाज सहन होत नाही." ही दोन्ही वाक्यं अनेकदा एकाच घरात ऐकायला मिळतात. पहिल्या वाक्यात आवाज हे झटक्याचं कारण आहे. दुसऱ्यात आवाजाचा त्रास हा अपस्माराचा म्हणजे फिट येण्याच्या आजाराचा, औषधाचा, अपुऱ्या झोपेचा किंवा भीतीचा परिणाम आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. फरक न ओळखता घरभर सक्तीची शांतता पाळली, तर खरं कारण हाती लागत नाही आणि कान मात्र आणखी हळवे होत जातात. म्हणून आधी एवढंच शोधायचं: आवाज नेमका कधी टोचतो? झटक्याच्या क्षणभर आधी, काही तास आधी, झटक्यानंतर, की रोजच?

खरोखर आवाजाने येणारे झटके

एखाद्या ठरावीक गोष्टीने झटका सुरू होतो, अशा अपस्माराला प्रतिक्षिप्त अपस्मार म्हणतात. लखलखत्या प्रकाशाने येणारे झटके हा त्यातला सर्वांना माहीत असलेला प्रकार. दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, डोक्यावरून गरम पाणी ओतून घेताना झटका येणारे रुग्णही बऱ्याच संख्येने आढळले आहेत. आवाजाने येणारे झटके त्या मानाने दुर्मीळ आहेत आणि त्यांचेही मुख्यतः दोन प्रकार.

पहिला दचकण्याचा. अनेकदा जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी मेंदूला इजा झालेल्या मुलांत तो दिसतो. शरीराची एक बाजू लुळी किंवा अशक्त असते. भांडं पडलं, दार आपटलं, मागून कोणी हाक मारली की शरीर ताठ होतं, मूल आडवं पडतं आणि बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं संपतं. यात आवाज किती मोठा होता यापेक्षा तो किती अनपेक्षित होता याला महत्त्व असतं. म्हणूनच ढोलताशांच्या गजरात शांत उभं राहिलेलं मूल घरी चमचा पडल्यावर कोसळतं. घरच्यांना हे विसंगत वाटतं, "हा नाटक करतो" असा संशयही घेतला जातो. तो संशय चुकीचा आहे. हा आजार असाच वागतो.

दुसरा प्रकार संगीताने येणाऱ्या झटक्यांचा. मॅकडोनल्ड क्रिचली या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञांनी १९३७ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं आणि त्याला नाव दिलं. हा फारच विरळा. यात आवाज मोठा असण्याची गरज नसते. एखादी विशिष्ट चाल, वाद्य किंवा त्या गाण्याशी जोडलेली भावना पुरते, आणि गाणं सुरू झाल्यानंतर झटका यायला काही मिनिटंही लागू शकतात. मध्ये वेळ गेल्यामुळे गाण्याचा आणि झटक्याचा संबंध वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालणारा आणखी एक प्रकार असतो: झटक्याच्या सुरुवातीला कानात गुणगुण ऐकू येते किंवा समोरच्याचे शब्द कळेनासे होतात, आणि काहींना फोनच्या घंटीसारख्या आवाजानेही झटका येतो.

इथे एक फसवी गोष्ट सांगायला हवी. किशोरवयात सुरू होणाऱ्या एका सर्रास आढळणाऱ्या अपस्मारात सकाळी उठल्यावर हातांना झटके बसतात आणि हातातला कप उडतो. कप फुटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, हाताचा झटका कुणी पाहिलेला नसतो. मग "आवाजाने दचकली" असं ठरतं. प्रत्यक्षात झटका आधी आलेला असतो, आवाज नंतर. या प्रकारात रात्रीची झोप हा कळीचा मुद्दा आहे. घरात शांतता राखून काही साधत नाही.

झटक्याच्या आगेमागे

काहींना झटक्याच्या काही तास आधीपासून, कधी आदल्या दिवसापासून, चिडचिड होते आणि नेहमीचेच आवाज बोचू लागतात. अशा वेळी आवाज हा इशारा असतो. त्या दिवशी एकट्याने अंघोळीला दार लावून न बसणं, गॅससमोर उभं न राहणं, गोळी वेळेवर घेतली का ते पाहणं आणि लवकर झोपणं हे करायचं.

आवाज एकाएकी लांबून आल्यासारखे वाटणं, घुमणं, कानात शिट्टी वाजणं हे काही सेकंद टिकणारं लक्षण मात्र इशाऱ्याच्या पुढचं आहे. ऐकण्याचं काम करणारा मेंदूचा भाग कानाच्या वर, कानशिलाच्या आतल्या खंडात असतो. झटका तिथे सुरू झाला की आवाजच बदलतो. म्हणजे ती झटक्याची सुरुवातच आहे, मग पुढे शुद्ध हरपो वा न हरपो. तेव्हा लगेच खाली बसावं.

झटका संपल्यावर डोकं दुखणं, उजेड आणि आवाज नकोसा होणं अगदी नेहमीचं. अर्धशिशीत होतं तसंच हे, आणि अपस्मार असलेल्यांत अर्धशिशीही इतरांपेक्षा जास्त आढळते. काही तास, क्वचित एकदोन दिवस हा त्रास राहतो. तेवढ्यापुरती अंधारी, शांत खोली द्यावी. वेदनाशामक गोळी कोणती चालेल हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. ट्रामाडोल असलेल्या गोळ्यांनी झटक्याची शक्यता वाढते. त्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या डब्यातून उचलू नका.

रोजचाच त्रास असेल तर

झटके आटोक्यात आहेत, तरी ताटवाट्यांचा खणखणाट, लहान मुलांचा ओरडा, रिक्षाचा हॉर्न सहन होत नाही, अशी तक्रार असलेले लोक संख्येने जास्त. यातही पोटभेद आहेत. सगळेच आवाज प्रमाणाबाहेर मोठे किंवा दुखरे वाटणं ही श्रवण-अतिसंवेदनशीलता. ठरावीक आवाजांनी, जसं की मचमच खाण्याने, संताप उसळणं हे वेगळं. आणि आवाज झाला की फिट येईल या धास्तीने छातीत धडधडणं हे तिसरं. एकाच माणसात तिन्ही असू शकतात.

पहिल्या प्रकारात काय घडतं? कानाकडून येणारा संदेश मेंदू गरजेप्रमाणे वाढवतो किंवा कमी करतो, रेडिओचं बटण फिरवावं तसा. झोप अपुरी असेल, मन सतत सावध असेल किंवा कानाकडून संदेशच कमी येत असतील तर हे बटण वर चढतं. कान सदानकदा बंद ठेवले तरी तेच होतं. धडधाकट श्रवण असलेल्या माणसांना दोन आठवडे सतत कानात बोळे घालायला लावले, तेव्हा त्यांनाही नंतर नेहमीचे आवाज अधिक मोठे वाटू लागले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. आवाजाच्या त्रासावर कायम बोळे घालून बसणं हा उपाय का नाही, ते यावरून कळेल.

औषधांचाही वाटा असतो. लेव्हेटिरॅसिटाम घेणाऱ्या काहींमध्ये चिडचिड आणि राग वाढतो. आवाज तोच असतो, तो पेलण्याची ताकद कमी होते. कार्बामाझेपीनने काही जणांना सूर खाली उतरल्यासारखे ऐकू येतात, साधारण पेटीवरच्या शेजारच्या पट्टीइतके किंवा त्याहून थोडे कमी. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हे चटकन लक्षात येतं आणि ते घाबरतात. औषध बदललं किंवा थांबवलं की हा परिणाम जातो. पण ते काम डॉक्टरांचं. अपस्माराची गोळी स्वतःहून अचानक बंद केली तर झटक्यांवर झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. "या गोळीने चिडचिड होते" एवढंच नेमकेपणाने सांगा, सुरू केल्याची तारीख आणि मात्रा सांगा, पर्याय असतात.

पंधरा दिवसांची नोंद

डॉक्टरांकडे "आवाजाचा फार त्रास होतो" एवढंच सांगितलं तर त्यांच्या हाती काही लागत नाही. पंधरा दिवस एका वहीत लिहा: आवाज कोणता, किती अंतरावरून, अपेक्षित होता की अचानक, किती सेकंदांत काय झालं, आदल्या रात्री किती तास झोप, गोळ्या कितीला घेतल्या, कोणती चुकली का, शेवटचं खाणं कधी, ताप होता का, बायकांनी पाळीची तारीखही. तितकंच महत्त्वाचं, ज्या वेळी मोठा आवाज झाला आणि काहीच झालं नाही, तेही लिहा. हा रकाना बहुतेक जण सोडतात आणि निदान तिथेच अडतं. दहा वेळा कुकरची शिट्टी होऊन एकदाच झटका आला, तोही जागरणानंतर, तर संशयाची सुई शिट्टीवरून हटते.

शक्य असेल तेव्हा मोबाइलवर आवाजासकट चित्रफीत घ्या. आधी आवाज की आधी अंगाचा झटका, हे तिच्यातून दिसतं. साधं दचकणं सेकंदाच्या आत संपतं, डोळे मिटतात, खांदे वर जातात आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा झाला की ते कमी होतं. झटक्यात शरीर काही सेकंद ताठ राहतं, बरेचदा एका बाजूला जास्त, आणि नंतर माणूस क्षणभर तरी भानावर नसतो. जन्मापासून अतिशय दचकणारी, दचकल्यावर ताठ होऊन पडणारी पण पूर्ण शुद्धीत असलेली मुलंही असतात. तो वेगळा आनुवंशिक आजार आहे, अपस्मार नव्हे.

मेंदूविकारतज्ज्ञांना हे दाखवल्यावर गरज पडली तर ते चित्रफितीसह ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढतात. रोजचा त्रास असेल तर कानाची तपासणीही करून घ्या. श्रवणतज्ज्ञ किती डेसिबलला आवाज नकोसा होतो ते मोजतात. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था या कामासाठी जुनी आणि नावाजलेली आहे. तपासणीपूर्वी अपस्माराबद्दल आणि दचकून झटके येत असतील तर त्याबद्दल नक्की सांगा, कारण कानाच्या एका नेहमीच्या चाचणीत अचानक मोठे सूर सोडले जातात. एमआरआयच्या यंत्राचा ठोक्यांचा आवाज शंभर डेसिबलच्याही वर जातो. तिथे कानातले बोळे आणि वरून कानझाकणं दोन्ही मागून घ्या आणि प्रत्येक टप्पा सुरू होण्याआधी सूचना द्यायला सांगा.

घरातले बदल

दचकण्याचा अपस्मार असेल तर आवाजाची पूर्वसूचना हे पहिलं औषध. "मिक्सर लावतेय गं" असं म्हणून दोन सेकंद थांबायचं, मग बटण दाबायचं. पाठीमागून हाक मारायची नाही; समोर येऊन बोलायचं. मोबाइलची रिंग हळूहळू वाढणारी ठेवायची किंवा फक्त कंपनावर. दाराची कर्कश बेल काढून मऊ सुराची लावायची. वाऱ्याने आपटणाऱ्या दारांना रबरी अडसर लावायचे.

स्वयंपाकघरात स्टीलचा खणखणाट सर्वात वाईट. सिंकच्या तळाशी रबरी जाळी घाला, मांडणीत ताटांमध्ये जुन्या सुती कापडाचे तुकडे ठेवा. मिक्सरखाली जाड रबराची चटई किंवा चौपदरी घडी केलेलं कापड घातलं की ओट्याची थरथर कमी होते. मात्र मिक्सरची हवेची जाळी झाकू नका, मोटार तापते. कुकरला पहिली शिट्टी झाल्यावर आच अगदी मंद केली तर पुढच्या शिट्ट्या कमी येतात. शिट्टीवर कापड टाकणं किंवा वजन दाबून धरणं हा जिवाशी खेळ आहे, ते कधीही करू नका. शिवाय झटके चालू असतील तर त्या व्यक्तीने उकळत्या कढईशी आणि कुकरशी एकट्याने काम करू नये. भाजणं ही अपस्मारातली मोठी इजा आहे.

रस्त्याचा आवाज खिडकीच्या काचेपेक्षा फटींतून जास्त येतो. त्यामुळे जाड पडद्यांवर खर्च करण्याआधी फटींना रबरी पट्टी आणि दाराखाली झाडणीसारखी पट्टी लावून पाहा. हवा खेळती राहील एवढी जागा ठेवा.

कानात काय घालावं, कधी काढावं

फोमचे बोळे स्वस्त आणि चांगले, पण नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर काहीच उपयोग नाही. हात धुवा, बोळा बोटांनी वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा ते एक मिनिट बोटाने धरून ठेवा. नीट बसला की आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटतो. पाकिटावर ३३ डेसिबल लिहिलं असेल तरी प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही. त्या आकड्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे, म्हणजे इथे १३, एवढं धरून चाला. वरून कानझाकणं चढवली तर आणखी साधारण ५ डेसिबलच कमी होतात. दोन आकड्यांची बेरीज होत नाही.

संवाद ऐकू येत राहावा पण धार कमी व्हावी, यासाठी गाळणी असलेले बोळे मिळतात. ते सगळे सूर सारख्या प्रमाणात, बारा ते वीस डेसिबलने खाली आणतात. शाळा, लग्न, कचेरी यांसाठी हे बरे. आवाज पुसणारे (नॉइज कॅन्सलिंग) हेडफोन विमान, पंखा, बसचं इंजिन अशा एकसुरी घरघरीवर उत्तम चालतात. फटाका, थाळी, हॉर्न अशा अचानक आवाजावर फारसे नाही. महागडे घेऊन निराश होण्याचं कारण हेच असतं.

बोळे ठरावीक प्रसंगापुरते, त्रासाच्या जागेतून बाहेर पडलात की लगेच बाहेर. रस्ता ओलांडताना घालू नका. कान वाहत असेल तर घालू नका. एकटं राहत असाल तर रात्री दोन्ही कान बंद करून झोपण्याआधी विचार करा. फोन, अलार्म आणि दारावरची थाप काहीच ऐकू येणार नाही.

हळूहळू सवय

हा भाग फक्त रोजच्या त्रासासाठी, आणि आवाजाने झटका येत नाही हे डॉक्टरांनी पक्कं केल्यावरच. पूर्ण शांतता ठेवण्याऐवजी खोलीत सौम्य, एकसारखा आवाज ठेवायचा: पंखा, पावसाचं ध्वनिमुद्रण, तानपुरा. तो जेमतेम ऐकू यावा, त्यावरून सहज बोलता यावं. सुरुवातीला दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं. आठवडाभर त्रास झाला नाही तर वेळ वाढवा, मग आवाज किंचित. त्यानंतर नकोशा आवाजाचंच ध्वनिमुद्रण, समजा मिक्सरचं, अगदी बारीक करून ऐकायचं. आवाजाचं नियंत्रण त्रास असलेल्या माणसाच्याच हातात हवं. "सवय होईल" म्हणून दुसऱ्याने वाढवलं की भीती दुप्पट होते. कान दुखला, डोकं धरलं किंवा दुसऱ्या दिवशीही त्रास राहिला तर एक पायरी खाली या. झटक्यानंतर दोन दिवस हा सराव बंद. फरक दिसायला महिने लागतात. धास्ती मोठी असेल तर मानसोपचारातली वर्तन-विचार पद्धत सोबत घ्यावी. नुसत्या कानाच्या उपचारापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो असं आमचं मत आहे.

गणपती, दिवाळी आणि वरात

उत्सवात झटके वाढतात ते डीजेमुळे, असं सगळे म्हणतात. डीजेचा त्रास खराच, पण वही तपासली तर त्या आठवड्यातलं जागरण, चुकलेली गोळी आणि उपाशी पोट हेच बहुतेकदा जास्त दोषी निघतात. हरतालिकेला निर्जळी उपवास म्हणून गोळीही न घेणं, पुण्यातल्या चोवीस तासांहून अधिक चालणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत रात्रभर उभं राहणं, वरातीत दारू. गोळीने उपवास मोडत नाही असं घरातल्या मोठ्यांनी आधीच जाहीर करावं. ज्यांना झटके येतात त्यांनी निर्जळी उपवास करूच नये. बाहेर पडताना खिशात एका वेळची गोळी ठेवा. चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. किती उशिरापर्यंत घेतलेली चालते हे तुमच्या औषधाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मिरवणूक पाहायची असेल तर दिवसा, थोडा वेळ आणि लांबून. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. अरुंद बोळात भिंतींवरून परतल्याने तेवढा उतरत नाही, आणि स्पीकरच्या भिंतीपुढे तर आणखीच कमी. ८५ डेसिबलला आठ तास कानांना चालतात असं धरलं तर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते: ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. लेसर आणि लखलखत्या दिव्यांचा त्रास ज्यांना आहे त्यांनी त्यांच्यासमोर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून बाजूला व्हावं; दोन्ही डोळे नुसते मिटून भागत नाही.

दिवाळीत फटाके अचानक वाजतात, म्हणून दचकण्याच्या अपस्मारात ते डीजेपेक्षा वाईट. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रस्त्यापासून दूरच्या खोलीत, पंखा आणि टीव्ही चालू ठेवून, जमिनीवर गादी घालून बसणं सर्वात सुरक्षित. पार्श्वभूमीला आवाज असला की बाहेरच्या स्फोटाचा धक्का कमी बसतो.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. मर्यादा मोडली जात असेल तर ११२ वर तक्रार करता येते. त्याआधी मंडळाच्या अध्यक्षांना दोन दिवस अगोदर भेटून "आमच्या घरात अपस्माराचा रुग्ण आहे, दारासमोर स्पीकर थांबवू नका" असं सांगितलं तर बरेचदा ऐकलं जातं.

गर्दीत झटका आलाच तर घड्याळ पाहा, आजूबाजूच्या वस्तू हटवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, अंग दाबून धरू नका, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. झटका ओसरू लागला की कुशीवर वळवा. जवळचा स्पीकर बंद करायला सांगा, कारण शुद्धीवर येताना तोच आवाज असह्य होतो. नाकात फवारायचं मिडाझोलाम डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर त्यांनी सांगितलेल्या वेळी वापरा. पाच मिनिटं उलटली, शुद्ध येण्याआधी दुसरा झटका आला, श्वास नीट लागत नसेल, डोक्याला मार बसला असेल, बाई गरोदर असेल किंवा आयुष्यातला हा पहिलाच झटका असेल तर १०८ ला फोन करा.